रंगाखालचं काँक्रीट

नवरात्र जवळ आलं की नाशिकमध्ये इंदिरानगर, सिडको, नाशिकरोडच्या जुन्या इमारतींवर पुट्टीचे हात फिरू लागतात. फ्लॅट विकायला काढला असेल तर हमखास. म्हणून जुनं घर बघायचं ते श्रावणात, आणि आधी गच्ची नि पार्किंग. हॉल सगळेच सजवतात, पार्किंगमधल्या कॉलमचे लाड कोणी करत नाही.

काँक्रीटमधला गज वर्षानुवर्षं गंजत नाही तो पाणी आत येत नाही म्हणून नव्हे. सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेत चुना तयार होतो, त्यामुळे आतला पीएच साडेबाराच्या वर राहतो. इतक्या अल्कधर्मी जागेत लोखंडावर ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा धरतो. तेच त्याचं चिलखत. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून झिरपत राहतो, चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट करतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. हे गजापर्यंत पोचलं की चिलखत गळतं, आणि ओल मिळाली की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती मिळवायला तो काँक्रीट आतून फोडतो. छताचे पोपडे पडतात ते यामुळे, आणि आपण वरून प्लास्टर थापून मोकळे होतो!

खरी गंमत वेगात आहे. कार्बन डायऑक्साइड किती खोल शिरेल हे साधारणपणे काळाच्या वर्गमुळावर ठरतं. १० मिलिमीटर शिरायला १० वर्षं लागली, तर २० मिलिमीटरला ४० लागतील. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकानुसार सौम्य हवामानात स्लॅबच्या गजावर किमान २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हवं. स्लॅब भरताना कोणाच्या पायाने गजाखालचा कव्हर ब्लॉक सरकला आणि १० च उरलं, तर कव्हर निम्मं गेलं. पण संरक्षणाची वर्षं पाऊण गेली.

हे तपासायला फिनॉल्फ्थॅलीन पुरतं, शाळेच्या प्रयोगशाळेतलंच. (एकेकाळी ते जुलाबाचं औषध म्हणूनही खपायचं.) काँक्रीटचा ताजा टवका काढून फवारायचं. गुलाबी झालं तिथे चुना शाबूत, रंग आलाच नाही तिथे संरक्षण संपलेलं. पृष्ठभागाचा कडकपणा मोजणाऱ्या नुसत्या रिबाउंड हॅमरच्या आकड्यांवर मी विसंबणार नाही, कारण कार्बोनेट झालेला पृष्ठभाग कडक होतो आणि म्हातारं काँक्रीट तरुण दिसतं. सोबत अल्ट्रासॉनिक चाचणी हवी: ध्वनिलहरी सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर धावल्या तर बरं, तीनच्या खाली आल्या तर शंका घ्यावी.

भेगाही वाचता येतात. कॉलमवर गजाच्या रेषेत उभी गेलेली भेग गंजाची. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली बहुधा पाया खचल्याची. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी आपली काळी माती त्याला हातभार लावते. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यातली आडवी रेघ मात्र बहुतेक वेळा निरुपद्रवी.

कॉलम एकट्या फ्लॅटचा नसतो, त्यामुळे टवका काढायला सोसायटीची परवानगी लागते. त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याची बांधकामदोषाची हमी ताब्यापासून ५ च वर्षं असते, म्हणजे जुन्या फ्लॅटला तिचा उपयोग नाही.

आणि घर गोदाकाठी असेल तर वॉचमनकाकांना विचारा, २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली तेव्हा पार्किंगमध्ये पाणी कुठवर होतं. ते कॉलमवर हात ठेवून दाखवतील. टवका तिथलाच काढायचा.