चिकनचा रेट एवढ्या उड्या का मारतो?

गटारीला चिकनच्या दुकानाबाहेर लागणारी लाईन आपण सगळ्यांनीच बघितलीय, तेव्हा रेट चढलेला असतो, आणि श्रावण लागला की आठवड्याभरात तोच दुकानदार माशा मारत बसतो आणि पाटीवरचा आकडा खडूने पुसून खाली आणतो. मागणी गेली की भाव पडणारच, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण साखरेचा भाव असा आठवड्यात लोळत नाही ना. साखर गोडाऊनमध्ये पडून राहते. कोंबडी पडून राहत नाही, ती उभी राहते आणि खात बसते!

सगळी गोम इथेच आहे, म्हणून जरा हिशोब करू. ब्रॉयलरचं, म्हणजे खास मांसासाठी वाढवायच्या कोंबडीचं, एक दिवसाचं पिल्लू शेडमध्ये येतं तेव्हा साधारण ४० ग्रॅमचं असतं आणि ४० दिवसांत ते दोन-सव्वादोन किलोचं होतं. तेवढ्यासाठी ते साडेतीन किलोच्या आसपास खाद्य खातं, म्हणजे एक किलो वजनामागे १.६-१.७ किलो खाद्य. पोल्ट्रीवाले याला एफसीआर म्हणतात आणि दिवसभर त्याचंच बोलतात. आता समजा पक्षी तयार आहे पण ट्रेडर गाडी पाठवत नाहीये कारण रेट पडलाय. मोठा झालेला पक्षी रोज २०० ग्रॅमच्या आसपास खातो आणि वजन वाढतं त्याच्या जेमतेम निम्मं. ५,००० पक्ष्यांच्या शेडमध्ये म्हणजे रोज एक टन खाद्य, किलोला ४० रुपये धरले तर एका दिवसाचे ४०,०००. शिवाय मोठ्या पक्ष्याला गर्मी सोसत नाही (कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं एवढाच तिचा कूलर), त्यामुळे उन्हाळ्यात मर वाढते ती वेगळीच. त्यामुळे चार-पाच दिवस थांबून बघू म्हणणारा शेवटी मिळेल त्या रेटला माल काढतो, सगळे एकदम काढतात, आणि रेट अजून पडतो.

अमेरिकेत यावर उपाय म्हणजे कोल्ड स्टोरेज. तिकडे कृषी खातं दर महिन्याला मोजून सांगतं की देशभरातल्या गोदामांत किती फ्रोझन चिकन आहे, आणि त्यावरून बाजाराला अंदाज येतो. आपल्याकडे बहुतेक सगळा माल जिवंत जातो, कारण आपल्याला डोळ्यासमोर कापून पाहिजे असतं, फ्रोझनला आपण शिळं समजतो. म्हणजे भारतात चिकनचा ‘स्टॉक’ काय, तर शेडमध्ये भाताच्या तुसावर फिरणारे जिवंत पक्षी.

इथे कोणीतरी म्हणणारच की ४० दिवसांत दोन किलो म्हणजे नक्की हार्मोनचं इंजेक्शन देत असणार. नाही हो. ग्रोथ हार्मोन हे प्रोटीन आहे, खाद्यात टाकलं तर पोटात पचून जाईल, आणि हजारो पक्ष्यांना रोज पकडून सुई टोचायला माणसं कुठून आणणार? खरं कारण निवड आहे, पिढ्यान् पिढ्या भराभर वाढणाऱ्या पक्ष्यांचीच पैदास. कॅनडातल्या अल्बर्टा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी १९५७ सालची जात जपून ठेवली होती, ती आणि २००५ ची जात एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवली. ५६ दिवसांनी जुनी कोंबडी ९०५ ग्रॅमची, नवी ४.२ किलोची! पण या स्पीडची दुसरी बाजू अशी की विकायची वेळसुद्धा तेवढीच अरुंद झाली.

आता उलटी बाजू बघा, रेट चढला तर माल लगेच वाढवता येतो का? अंडं मशीनमध्ये ठेवल्यापासून पिल्लू निघायला २१ दिवस आणि पुढे ४० दिवस, म्हणजे दोन महिने. ते पण उबवायची अंडी हाताशी असतील तर. नसतील तर आधी त्या अंड्यांच्या आया वाढवा, त्या २४-२५ आठवड्यांच्या झाल्याशिवाय अंडी देत नाहीत, म्हणजे आठ महिने गेले. आजचा चढा रेट बघून सगळे एकदम शेडमध्ये पिल्लं टाकतात आणि दोन महिन्यांनी सगळ्यांचा माल एकदम तयार होतो. जर्मनीत आर्थर हानाऊ यांनी १९२८ मध्ये डुकरांच्या भावात हाच खेळ दाखवला होता, नंतर अर्थशास्त्रात त्याला कोळी किड्याच्या जाळ्यावरून नाव पडलं, कारण आलेख काढला की रेष जाळ्यासारखी गोल गोल फिरते.

त्यात बाहेरून धक्के बसले की विचारू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि शिजवलेल्या चिकनने काही होत नाही हे सांगूनसुद्धा खाणारे पळाले. २०२० च्या मार्चमध्ये तर कोरोनाचा कोंबडीशी काही संबंधच नव्हता, नुसत्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेने रेट इतका पडला की लोकांनी जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले. मग पिल्लं टाकणंच थांबलं, आणि थोड्याच महिन्यांत माल कमी म्हणून रेट उसळला. तेच जाळं.

खर्चाकडून पण फटका बसतो. कोंबडी वाढवायच्या खर्चात ६५-७० टक्के खाद्य, आणि खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोया पेंड. २०२१ मध्ये पेंड एवढी महागली की सरकारने जीएम (जनुकांत बदल केलेल्या) सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली आणि त्यातली बरीच आपल्या न्हावा शेवा बंदराला उतरणार म्हणून सोयाबीनवाले शेतकरी चिडले. त्यांचंही चूक नव्हतं. आणि आता मक्याला नवा गिऱ्हाईक भेटलाय तो म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल, म्हणजे एकाच कणसावर कोंबडी आणि गाडीची टाकी दोघांचा डोळा.

या सगळ्यात शेडवाल्याचं काय होतं? आपल्याकडे बरेच जण कंपनीच्या करारावर पक्षी वाढवतात, पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, आणि शेड, लाईट, मजुरी शेतकऱ्याची, त्याला किलोमागे ठरलेला ग्रोइंग चार्ज. वरवर बघता रेट पडला तरी त्याला काही नाही. पण मंदी आली की कंपनी पुढची बॅच लांबवते, शेड महिना महिना रिकामं राहतं आणि बँकेचा हप्ता काही रिकामा राहत नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी कोंबड्या-बदकं वगैरे मोजली गेली, त्यात महाराष्ट्र ७.४३ कोटींवर पाचवा. पण हा आकडा म्हणजे एका क्षणाचा फोटो, ब्रॉयलरचं शेड वर्षात पाच-सहा वेळा भरून रिकामं होतं, त्यामुळे फोटोवरून वर्षाला किती माल निघतो ते कळत नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त इंटरेस्टिंग वाटली, २०१२ पासून फार्मवरचे पक्षी साडेचार टक्केच वाढले आणि परसातले तब्बल ४६ टक्के. परसातली गावरान कोंबडी उकिरडा उकरून आपलं पोट आपण भरते, रेट नाही म्हणून महिनाभर थांबली तरी मालकाचं काही जात नाही. पाहुणा आला, शाळेची फी भरायची आली की मगच तिचा नंबर लागतो.

ब्रॉयलरचं तसं नाही. म्हणून पोल्ट्रीतली जाणती माणसं आजच्या चिकनच्या रेटकडे फार बघत नाहीत, ती एक दिवसाच्या पिल्लाचा रेट विचारतात. पिल्लू महागलं म्हणजे सगळेच शेड भरायला धावलेत, आणि मग कॅलेंडर काढून पुढचे ४० दिवस मोजायचे.