विनोदी गाणं वेगळं, संगीतातला विनोद वेगळा

ठाण्याचं गडकरी रंगायतन असो की वाशीचं विष्णुदास भावे, जॅझ, शास्त्रीय आणि प्रयोगशील संगीत एकत्र बांधणारा संगीतकार गंमत करू लागला की निवेदक हमखास म्हणतात, ‘आता एक विडंबन ऐकूया.’ विडंबन नसतं ते. विडंबनात चाल जुनी, शब्द नवे आणि हसू शब्दांवर. शब्द काढून नुसतं पेटीवर वाजवा, मूळ गाणंच उरतं. संगीतातला विनोद शब्दांवाचून उभा राहतो.

कसा, ते तीनतालातल्या, म्हणजे सोळा मात्रांच्या तालातल्या, तिहाईवर बघा. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा तुकडा समेपासून उचला. दोनदा मधे एकेक मात्रा सोडली की धा पाचव्या मात्रेवर, अकराव्यावर आणि मग थेट समेवर येतो. आता दुसऱ्या धानंतरची मात्रा सोडूच नका. शेवटचा धा सोळाव्यावर पडतो, सम रिकामी जाते, आणि दाद द्यायला उचललेला हात हवेतच राहतो. हसू येतं ते इथे. पण त्याआधी हीच तिहाई दोनदा चोख समेवर आणलेली हवी, नाहीतर लोकांना वाटतं, तबलजी चुकला. लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवत राहणारी धून, धरणाऱ्यानेही जागचं हलू नये. त्याने सांभाळून घेण्यासाठी सम एक मात्रा अलीकडे ओढली, तर सगळं जुळून येतं आणि गंमत संपते.

ऑस्ट्रियन संगीतकार हायडनने १७८१ च्या एका स्ट्रिंग क्वार्टेटच्या (चार तंतुवाद्यांच्या रचनेच्या) शेवटी हेच केलंय. धूनचे तुकडे मधे शांतता ठेवून येतात, मग मोठा विराम, संपलं असं वाटतं, आणि पहिला तुकडा हळूच पुन्हा वाजतो. रचना तिथेच थांबते! त्या विरामात गज तारेवर तयार धरून ठेवला तर गुपित आधीच फुटतं.

फ्रेंच संगीतकार डेब्यूसीने १९०८ मध्ये पियानोवरच्या केकवॉकमध्ये, म्हणजे एका अमेरिकन नाचाच्या ठेक्यावरच्या रचनेत, जर्मन ऑपेराकार वाग्नरचे गंभीर सूर घुसवले. ते मात्र विडंबनाच्या वेशीवरचं, कारण मूळ ठाऊक नसेल तर हसू येत नाही.

कीबोर्डवरचं ‘टुंई टुंई’ आणि वादकांची तोंडं वेडीवाकडी करणं यात धरूच नका. मुद्दाम बेसूर वाजवणंही नाही. मोझार्टच्या १७८७ च्या गमतीदार रचनेत शेवटी वाद्यं वेगवेगळ्या पट्टीत जाऊन आदळतात, पण ती टक्कर कानाला नेमकी लागायची तर प्रत्येकाने आपापल्या पट्टीत काटेकोर सुरातच वाजवावं लागतं.