नवजात हृदयदोषांची ऑक्सिमीटर चाचणी : पार्श्वभूमी

जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियांचा इतिहास सहसा १९३८ पासून, म्हणजे बोस्टनमध्ये उघडी राहिलेली डक्टस (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी, जन्मानंतर एरवी मिटणारी) ही वाहिनी बांधण्यात यश आले तेव्हापासून सांगितला जातो आणि १९४४ मधील बाल्टिमोरच्या ‘ब्लू बेबी’ (हृदयदोषामुळे निळसर पडलेल्या बाळावरील) शस्त्रक्रियेला त्यात मानाचे स्थान मिळते. नवजात बाळाचे निदान वेळेत करण्याचा प्रश्न मात्र सत्तरच्या दशकात ऐरणीवर आला. प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून दिल्यास डक्टस उघडी ठेवता येते, हे त्या दशकात दिसून आले आणि ज्यांचे रक्ताभिसरण केवळ या वाहिनीवर अवलंबून असते, अशा बाळांना शस्त्रक्रियेपर्यंत तगवणे शक्य झाले. त्यासाठी वाहिनी मिटण्याआधी दोष लक्षात यायला हवा. ती बहुधा पहिल्या काही दिवसांतच मिटते आणि तोवर वरकरणी धडधाकट दिसणारे बाळ अनेकदा घरी गेलेले असते.

त्वचेवर लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरची कल्पना जपानमध्ये १९७४ मध्येच पुढे आली होती. तरी उजवा हात आणि एक पाय येथील ऑक्सिजन मोजण्याच्या या सोप्या चाचणीला मोठ्या अभ्यासांचा आधार मिळायला २००९ उजाडले. त्या वर्षी स्वीडनमधील आणि २०११ मध्ये ब्रिटनमधील, २०,०५५ बाळांचा समावेश असलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेने ही चाचणी नवजात तपासणीच्या शिफारस केलेल्या यादीत घेतली. पुढे २०१७ च्या एका विश्लेषणात, ती सक्तीची करणाऱ्या राज्यांत गंभीर हृदयदोषांमुळे होणारे अर्भकमृत्यू सुमारे ३३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

ज्या ब्रिटनमधून हा पुरावा आला, तिथेच २०१५ च्या पथदर्शी प्रयोगानंतर २०१९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर चाचणी न राबवण्याचा कौल दिला गेला. चाचणीत अडकणाऱ्या बऱ्याच बाळांना हृदयदोष नसतो, त्यांच्यावर नाहक तपासण्या होतात आणि आईबाळाची ताटातूट होते, असा तिथला युक्तिवाद होता. तो पूर्णपणे पटत नाही. २०१२ च्या एकत्रित विश्लेषणानुसार चुकीचा इशारा मिळण्याचे प्रमाण २४ तासांपूर्वी तपासल्यास ०.५० टक्के, तर त्यानंतर तपासल्यास ०.०५ टक्के होते. आणि ‘चुकीच्या’ इशाऱ्यांमागे अनेकदा न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग असतो, ज्याचे निदान व्हायलाच हवे असते. ब्रिटनमध्ये अनेक बाळ-बाळंतिणींना पहिल्या दिवशीच घरी सोडतात, त्यामुळे चाचणी लवकर करावी लागते, ही तिथली खरी अडचण आहे. महाधमनीचे आकुंचन (तिचा काही भाग जन्मतः अरुंद असणे) या चाचणीतून पुष्कळदा निसटते, ही मर्यादा मात्र मान्य करायला हवी.

भारतात २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या बालआरोग्य कार्यक्रमाच्या तीस विकारांच्या यादीत जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे. मात्र प्रसूतीच्या ठिकाणी होणाऱ्या तपासणीचा भर अंगावर दिसणाऱ्या व्यंगांवर राहिला आणि हृदयदोष अंगावर दिसतोच असे नाही. सरकारी रुग्णालयात साध्या प्रसूतीनंतर ४८ तास मुक्काम अपेक्षित असल्यामुळे २४ तासांनंतरची चाचणी त्या मुदतीत सहज बसते. खरी ओढाताण होते ती पुढच्या इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, कारण नवजात हृदयाचा इको वाचू शकणारे डॉक्टर मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत आणि तोवर प्रोस्टाग्लँडिन चालू ठेवण्याची सोय वाटेतल्या रुग्णालयात असावी लागते.