लिव्हर बदलायला सांगितलंय? नागपूरला कोण कोण भेटेल आणि कशासाठी

आमच्या मेडिकल व रक्त तपासणी केंद्राच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दारव्हा, दिग्रस, आर्णीकडची बरीच मंडळी नागपूरच्या तपासणीची जाड फाइल घेऊन आमच्या काउंटरवर येतात. औषधं घेता घेता विचारतात, "भाऊ, एवढे डॉक्टर कायले पाह्यतेत? ऑपरेशन करनारा तं एकच राह्यते ना?" प्रश्न रास्त आहे. एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून माणूस तिथे जातो. हृदयाचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ असे सगळे दाखवून परत येतो, तेव्हा आपल्याला उगाच फिरवतात असं वाटणारच. हे पत्रक त्यासाठीच काढलं आहे.

लिव्हर प्रत्यारोपण एकटा सर्जन करू शकत नाही. दहा-बारा शाखांची माणसं एकत्र बसतात, पेशंटची फाइल समोर ठेवतात आणि मिळून निर्णय घेतात. त्यांच्यातल्या भूलतज्ज्ञाने किंवा हृदयाच्या डॉक्टरने "आत्ता नको" म्हटलं, तर ऑपरेशन पुढे ढकललं जातं. म्हणून कुठलीही अपॉइंटमेंट "कायले जायाचं" म्हणून सोडू नका. एक सही राहिली तरी पूर्ण फाइल अडून बसते.

आधी लिव्हरचे डॉक्टर

यांना हेपॅटोलॉजिस्ट म्हणतात. हे ऑपरेशन करत नाहीत. लिव्हर खरंच बदलायची गरज आहे का, की औषधावर भागेल, हे ते ठरवतात. पोटात वारंवार पाणी होणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, दिवसा झोप आणि रात्री बडबड, ही सगळी लक्षणं त्यांना तारखेसकट सांगा. रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ किती), क्रिएटिनिन (किडनी कशी चालते), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो) आणि सोडियम यांवरून ते एक आकडा काढतात, त्याला मेल्ड स्कोअर म्हणतात. तो 6 ते 40 असा असतो. आकडा जितका मोठा, तितका धोका जवळ. साधारण 15च्या पुढे गेला की प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो.

लिव्हर कशाने खराब झालं, हेही तेच शोधतात. दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, चरबीचं लिव्हर, लहान मुलांत जन्मापासून पित्तनलिका बंद असणं, अशी कारणं वेगवेगळी असतात. उंदराच्या औषधातला पिवळा फॉस्फरस पोटात गेला, तर चांगलं लिव्हरही काही दिवसांत निकामी होतं. पहिल्या दोन दिवसांत पेशंट बरा दिसतो म्हणून घरचे त्याला परत आणतात. तसं करू नका. पोटात गेल्याचं कळल्याबरोबर मोठ्या दवाखान्यात न्या.

एक विनंती. कावीळ झाल्यावर कुठलाही झाडपाला, काढा, पुडी घेतली असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. गुळवेलीच्या काढ्यानेही काहींच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. उरलेली पुडी असेल तर तीच सोबत न्या.

दारूमुळे लिव्हर गेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठेवतातच. ती शिक्षा समजू नका. नवं लिव्हर मिळाल्यावर पेशंट दारूशिवाय राहू शकेल का आणि त्यासाठी घरच्यांची साथ आहे का, हे त्यांना बघायचं असतं. बरीच केंद्रं काही महिने दारू पूर्ण बंद ठेवायला सांगतात.

आहारतज्ज्ञ पेशंटच्या घरच्या ताटाबद्दल विचारतील. काविळीच्या माणसाला निव्वळ उसाच्या रसावर आणि फिक्या भातावर ठेवायची आपल्याकडची रीत आहे. तिने पेशंटच्या अंगावरचं मांस झडतं आणि ऑपरेशन झेपण्याची ताकद जाते. वरण, अंडी, दही, जवारीची भाकर यांतून प्रथिनं मिळायलाच हवीत. रात्री झोपण्याआधी थोडं खायला लावतात, कारण रात्रभराचा उपास अशा पेशंटला सोसत नाही. बंद करायचं ते मीठ: लोणचं, पापड, सांडगी मिरची.

देणाऱ्याची टीम वेगळी

हा भाग नीट वाचा, कारण आमच्या मते घरोघरी इथेच गडबड होते.

जिवंत माणूस आपल्या लिव्हरचा तुकडा देऊ शकतो. उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत, महिन्यांत वाढून जवळपास पहिल्याएवढं होतं. किडनीसारखं टिश्यू मॅचिंग इथे लागत नाही, रक्तगट जुळला तर पुढे जाता येतं. मग काम येतं रेडिओलॉजिस्टकडे. सीटी स्कॅनवरून ते दात्याच्या लिव्हरचं माप काढतात. पेशंटच्या वजनाच्या साधारण 0.8 टक्के तरी तुकडा लागतो, म्हणजे 60 किलोच्या माणसाला जवळपास 480 ग्रॅम. आणि दात्याकडे निदान एक तृतीयांशाच्या आसपास लिव्हर राहिलं पाहिजे. दोन्ही हिशेब बसले तरच पुढचं. दात्याच्या लिव्हरमध्ये चरबी निघाली तर वजन उतरवून परत यायला सांगतात.

आपल्या विदर्भात सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) बऱ्याच घरांत आहे, म्हणून दात्याची सिकलसेल तपासणी चुकवू नका. आधी कधी तपासणी झाली असेल, कार्ड मिळालं असेल, तर ते फाइलला लावा. भूलतज्ज्ञाला ते आधी कळलेलं बरं.

दात्याला मानसोपचारतज्ज्ञ आणि समन्वयक (प्रत्यारोपणाची सगळी जुळवाजुळव बघणारा दवाखान्यातला माणूस) एकट्याला आत बोलावतात, घरचे बाहेर. त्या खोलीत विचारतात, "कोणी दबाव तर आणला नाही ना?" देशात लिव्हर, किडनी देणाऱ्यांत बायकांची संख्या जास्त आहे, आणि सून किंवा बायको घरात "नाही" म्हणू शकत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. माय, वहिनी, ताई, तुमच्यापैकी कोणाला मनापासून द्यायचं नसेल तर त्या खोलीत स्पष्ट सांगा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही माघार घेता येते. डॉक्टर घरच्यांना फक्त "दाता योग्य नाही" एवढंच सांगतात, कारण उघड करत नाहीत. दात्यालाही मोठं ऑपरेशन सोसावं लागतं, त्यातही जिवाचा धोका असतोच, म्हणून हा हक्क कोणी हिरावू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

कायदा 1994चा आहे, 2011 मध्ये त्यात सुधारणा झाली. आईवडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक धरले जातात. बाकी कोणी द्यायला तयार असेल तर प्राधिकरण समितीपुढे (अशा दानाला परवानगी देणारी समिती) जावं लागतं. पैसे देऊन किंवा घेऊन अवयव देणं गुन्हा आहे. 5 ते 10 वर्षांची कैद आणि 20 लाख ते 1 कोटी दंड. गावात कोणी "दाता मिळवून देतो" म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ नावावरून जातो. बहिणीच्या आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशनकार्डात तिसरंच. नातं सिद्ध करायला हे जुळावं लागतं. लग्नाचा दाखला, टीसी, जुने घरचे फोटो, सगळं आधीच काढून ठेवा आणि नाव दुरुस्तीचं काम लवकर टाका.

पैशासाठी कोणाला भेटायचं

खर्चाचं डॉक्टरांना विचारून उपयोग नाही. दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना आणि आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेचा दवाखान्यातला मदतनीस) भेटा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज कसा करायचा ते हेच सांगतात. धर्मादाय दवाखान्यांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, त्याचीही चौकशी यांच्याकडेच. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतंच.

घरात दाता नसेल तर

मेंदूमृत (ब्रेन डेड) व्यक्तीच्या घरच्यांनी दान केलेलं लिव्हर मिळू शकतं. त्यासाठी दवाखान्यामार्फत नागपूरच्या झेडटीसीसीच्या (दान आलेले अवयव वाटून देणारं विभागीय केंद्र) प्रतीक्षा यादीत नाव लागतं. मेंदूमृत ठरवणारं चार डॉक्टरांचं मंडळ वेगळं असतं, प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी त्यात कोणी नसतं, आणि तपासणी निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा होते. मिळालेलं लिव्हर बर्फात ठेवून साधारण बारा तासांच्या आत बसवावं लागतं. त्यामुळे फोन केव्हाही येऊ शकतो, अगदी रात्री दोनला. गावात रेंज नसेल तर समन्वयकाला सरपंचाचा, शेजाऱ्याचा, आमच्या दुकानाचा, असे दोन-तीन नंबर देऊन ठेवा. गाडी कोणाची सांगायची, तेही आधीच ठरवा.

ऑपरेशनच्या दिवशी आत काय चालतं

बाहेर बसलेल्यांना वेळ खायला उठतो, म्हणून हे सांगतो. जिवंत दाता असेल तर शेजारी शेजारी दोन ऑपरेशन थिएटर चालतात. एका टीमने दात्याचा तुकडा काढला की तो बर्फाच्या टेबलावर थंड द्रावणाने आतून धुतात. दुसरी टीम तोवर पेशंटचं खराब लिव्हर मोकळं करते. मग नवं लिव्हर जागेवर ठेवून शिरा जोडतात आणि रक्त सोडतात.

पाटाचं अडवलेलं पाणी एकदम सोडावं, तसं हे रक्त पेशंटच्या हृदयाकडे धावतं. त्यात थंडावा, आम्ल आणि पोटॅशियम असतं, त्याने बीपी झपकन खाली येऊ शकतं. त्या मिनिटांना सगळा भार भूलतज्ज्ञावर असतो. सर्जन हात थांबवून त्यांच्या इशाऱ्याची वाट बघतात. त्यांच्या मागे रक्तपेढीचे लोक रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट तयार ठेवून असतात. नंतर लिव्हरला शुद्ध रक्त नेणारी बारीक नळी, म्हणजे रोहिणी, भिंगातून बघून शिवतात आणि शेवटी पित्तनलिका. आठ ते बारा तास लागू शकतात. उशीर होतोय म्हणजे काही बिघडलं, असं धरून रडारड करू नका.

पुढचे काही दिवस आयसीयूत रेडिओलॉजिस्ट सोनोग्राफीच्या डॉप्लरने रोज बघतात की त्या रोहिणीतून रक्त वाहतंय ना. फिजिओथेरपिस्ट तीन रंगीत गोळ्यांचं एक यंत्र हातात देतात. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात. दुखतं म्हणून पेशंट टाळतो, पण छातीत कफ साचू नये म्हणून ते करायलाच हवं. जवळच्याने बसून करून घ्यावं.

घरी आल्यावर टीममध्ये तुम्ही आणि आम्ही

"ऑपरेशन तं झालं, आता कायले नागपूरले जायाचं?" असं म्हणून गोळ्या सोडल्या, तर शरीर नवं लिव्हर नाकारू लागतं. टॅक्रोलिमस किंवा तसली गोळी बहुतेकांना कायम घ्यावी लागते, बारा-बारा तासांनी, ठरलेल्या वेळीच. तिचं रक्तातलं प्रमाण थोडं कमी-जास्त झालं तरी फरक पडतो. म्हणून आमच्या दुकानात या गोळीची कंपनी बदलून देत नाही. साठा नसेल तर मागवून देऊ. शेवटची पत्ती उघडायची वाट पाहू नका, आठ दिवस आधी सांगा.

अंगदुखीची गोळी, खोकल्याचं अँटिबायोटिक, बुरशीचं औषध, टीबीची किंवा फिटची गोळी, यातली बरीच औषधं टॅक्रोलिमसचं प्रमाण वाढवतात, पाडतात किंवा किडनीला त्रास देतात. गावातल्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा आधी प्रत्यारोपणाचं कार्ड दाखवा. पपनस आणि ग्रेपफ्रूट खाऊ नका. संत्र्याबद्दल सगळेच विचारतात. आपलं नागपुरी संत्रं वेगळं फळ आहे, तरी सुरू करण्याआधी आहारतज्ज्ञाला विचारून घ्या.

पाणी उकळून प्या. दूध उकळूनच. शेणखताचा खड्डा, उडणारा भुसा, फवारणी यांपासून लांब राहा. वावरात कधी जायचं ते सर्जन सांगतील, पोतं मात्र निदान तीन महिने उचलायचं नाही. ताप 100च्या वर गेला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद किंवा शी पांढरट झाली, तर त्याच दिवशी समन्वयकाला फोन करा.

टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायला रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. गोळी घेऊन आलात तर रिपोर्ट चुकीचा येतो आणि डोसही चुकीचा ठरतो. रात्रीची गोळी किती वाजता घेतली ते चिठ्ठीवर लिहून आणा. आम्ही जांभळ्या टोपणाच्या नळीत नमुना घेऊन त्यावर वेळ टाकतो, रिपोर्ट आला की तुम्हाला आणि समन्वयकाला पाठवतो. डोस आम्ही सांगत नाही, तो नागपूरहूनच येईल. यायच्या आदल्या दिवशी कळवा, म्हणजे दुकान लवकर उघडू. गोळी खिशात घेऊन या. रक्त दिल्यावर इथेच पाणी देऊ, गोळी घ्या आणि चहा-नाश्ता तासाभराने करा.