मानवी सेवा संस्थांची अधिस्वीकृती

बालसंगोपन, दत्तकविधान, कुटुंब-समुपदेशन, मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती, अपंगांचे पुनर्वसन अशा सेवा देणाऱ्या संस्थेचा कारभार ठरावीक मानकांना उतरतो की नाही, हे संस्थेबाहेरच्या स्वतंत्र मंडळाने तपासून दिलेली मुदतबंद मान्यता. परवाना शासन देते आणि त्यात किमान अटी पाहिल्या जातात; अधिस्वीकृती मात्र बहुधा ऐच्छिक असते व तिची मानके त्या किमान अटींच्या पुढची असतात.

या पद्धतीचे मूळ रुग्णालयांच्या तपासणीत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने १९१७ मध्ये रुग्णालयांसाठी किमान मानके ठरवली. पुढील वर्षी तपासलेल्या ६९२ रुग्णालयांपैकी केवळ ८९ त्यांना उतरली. पुनर्वसन सेवांसाठी ‘कार्फ’ हे मंडळ १९६६ मध्ये, तर बाल व कुटुंब सेवांसाठी ‘कौन्सिल ऑन अ‍ॅक्रेडिटेशन’ १९७७ मध्ये अमेरिकेत स्थापन झाले. २०१८ च्या अमेरिकी कायद्याने केंद्रीय निधी घेणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या निवासी बालोपचार केंद्रांना परवान्याबरोबर अधिस्वीकृतीही बंधनकारक केली.

प्रक्रियेची सुरुवात स्वयंमूल्यमापनाने होते. संस्था प्रत्येक मानकापुढे आपली धोरणे, नोंदी आणि प्रत्यक्ष व्यवहार ठेवून पाहते, आणि या कामात कित्येक महिने जातात. त्यानंतर त्याच क्षेत्रातील अनुभवी परीक्षक संस्थेला भेट देतात, प्रकरणांच्या फायली वाचतात, कर्मचारी, विश्वस्त आणि लाभार्थी यांच्याशी बोलतात. त्यांच्या अहवालावरून मंडळ निर्णय देते. मान्यतेची मुदत साधारणतः तीन ते चार वर्षे असते.

या मान्यतेचे मोल सेवा घेणाऱ्याच्या अगतिकतेशी जोडलेले आहे. बालगृहातील मूल नापसंत बालगृह सोडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. तीव्र मानसिक आजारात असलेल्या व्यक्तीला उपचारांचा दर्जा पारखता येईलच असे नाही. म्हणून मुलांजवळ एकटे राहू देण्यापूर्वी कर्मचाऱ्याची पार्श्वभूमी तपासली का, एका कार्यकर्त्याकडे किती प्रकरणे आहेत, एखाद्याला बळाने आवरावे लागले तर त्या घटनेची नोंद व फेरतपासणी झाली का, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याचकडे ती जात नाही ना, हे प्रश्न त्रयस्थाने विचारणे अगत्याचे ठरते. शिवाय अशा अनेक संस्था एकदोन निष्ठावान माणसांच्या बळावर चालतात. ती माणसे गेली की त्यांच्यासोबत कामाची रीतही जाते. अधिस्वीकृतीसाठी ती रीत लेखी करावी लागते, आणि पुढे येणाऱ्यांना तिचा आधार मिळतो. देणगीदार व विमा कंपन्यांचा विश्वास हा लाभही खरा आहे, पण तो दुय्यम मानला पाहिजे.

शुल्क आणि कर्मचाऱ्यांचा वेळ यांचा भार लहान संस्थांना जड जातो. भेट काही दिवसांची आणि बहुधा पूर्वसूचित असल्याने कागद नीटनेटके, पण व्यवहार मात्र पूर्वीसारखाच, असेही घडू शकते. अधिस्वीकृतीमुळे लाभार्थ्यांच्या स्थितीत थेट किती सुधारणा होते, याविषयीचे संशोधन निर्णायक नाही. स्वयंमूल्यमापन एखाद्या सल्लागाराकडून लिहून घेतले, तर या प्रक्रियेतील सर्वांत उपयुक्त भागच वाया जातो. मुदतीच्या काळातही अधूनमधून अहवाल द्यावे लागतात, गंभीर घटना मंडळाला कळवाव्या लागतात, आणि मानकांचा भंग झाल्यास मान्यता काढून घेता येते.