दहा आकडे धरून ठेवा, ही भानगड आली कुठून

आमच्या पिढीला वॉर्म-अप म्हणजे एकच गोष्ट ठाऊक. पीटीचा तास, गुडघे सरळ, वाकून अंगठे धरा आणि सर दहापर्यंत मोजतील तोवर सोडायचे नाहीत. सर मध्येच कुणावर तरी ओरडायला थांबायचे त्यामुळे त्या दहाचे कधी पंचवीसही व्हायचे, ते वेगळं. डिसेंबरातल्या एका सकाळी तालुक्याच्या स्पर्धेला साडेसहा वाजता गारठलेल्या अंगाने असेच अंगठे धरून मी १०० मीटरला उभा राहिलो आणि साठेक मीटरवर मांडी मागून अशी धरली की लंगडतच बाहेर आलो. बोल मलाच लागला, नीट ताणलं नसशील. मीही तेच मानलं. पुढे वाचायला लागल्यावर कळलं की खेळायच्या आधी असं ताणून धरायची पद्धत काही फार जुनी नाही, रुळली ती गेल्या पन्नास-साठ वर्षांत. योगासनांत स्थिर धरणं जुनंच आहे हो, पण आसनं करून कुणी लगेच शर्यतीला उभं राहत नव्हतं.

आधी कवायतीचं बघू. पेर हेन्रिक लिंग नावाचा तलवारबाजी शिकवणारा स्वीडिश माणूस, त्याने १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची मोठी संस्था काढली. हुकमावर सगळ्यांनी एकदम हात वर, बाजूला, खाली. हेतू सैनिक तयार करणं आणि तब्येत सुधारणं, मॅच जिंकणं नव्हे. ही स्वीडिश कवायत इंग्लंडच्या शाळांत शिरली आणि इंग्रजी अमलात आपल्या शाळांतही आली.

आपल्याकडे तालमीत मात्र वेगळंच चालायचं. वॉर्म-अप हा शब्द नव्हता, ‘अंग गरम करणं’ होतं. हौदात उतरल्यावर आधी फावड्याने लाल माती उकरायची, ती कामं नव्या पोरांकडे, आणि हौद खणून होईपर्यंत खांदे, कंबर, पाय सगळं घामाने निथळायला लागायचं. मग सपाट्या, जोर, बैठका, मानेचा व्यायाम आणि मग लढत. म्हणजे वाकणं, उठणं, ढकलणं, सगळं हालचालीतूनच, आणि तेही जवळपास कुस्तीत लागतं त्याच कोनांमधून. मल्लखांबही मुळात पैलवानांच्याच मेहनतीचा, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभारी दिली. एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत खांबावर मांडीच्या पकडीने स्वतःला तोलून मागे कमान टाकायची, यात अंग नुसतं लवचिक असून भागत नाही, त्या लवलेल्या स्थितीत ताकदही लागते. आज जिममध्ये ज्याला ‘मोबिलिटी’ म्हणून वेगळे पैसे घेतात ते साधारण हेच. दुसऱ्याने तुमचा पाय धरून वर नेला आणि तो गेला तर ती फ्लेक्सिबिलिटी, स्वतःच्या जोरावर नेऊन तिथे ठेवता आला तर मोबिलिटी.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची गोष्ट तर मजेची आहे. ते आधी युजेन सँडो या पिळदार शरीरासाठी गाजलेल्या युरोपियन पैलवानाच्या पद्धतीचा व्यायाम करायचे, साधनं वगैरे मागवून, नंतर ते सोडून सूर्यनमस्कारांकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांतही ते सुरू केले. नमस्कार म्हणजे एका स्थितीतून दुसरीत सलग जाणं, आजच्या भाषेत डायनॅमिक स्ट्रेचिंगच. पण लगेच ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणून छाती फुगवायला नको, कारण वस्तादांना अनुभवाने कळलं होतं ते खरं, पण कशाने काय होतं हे मोजून कुणी बघितलं नव्हतं.

मोजलं डेन्मार्कमध्ये. १९४५ साली आस्मुसेन आणि बोये या दोघांनी माणसांना व्यायामाच्या सायकलवर बसवून दाखवून दिलं की अंग तापलेलं असलं की तेच काम लवकर उरकतं, आणि नुसत्या गरम पाण्याच्या शॉवरनेही थोडा फरक पडतो. म्हणजे मुद्दा तापमानाचा. यात अंगठे धरण्याचा संबंध कुठेच नाही, हे लक्षात ठेवा.

ती गडबड पुढे झाली. तोवर स्ट्रेचिंग म्हणजे झटके मारत वाकणं. अमेरिकेत हर्बर्ट डीव्हरीजने १९६२ मध्ये झटक्यांची आणि सावकाश धरून ठेवण्याची तुलना केली. लवचिकता दोन्हींनी सारखीच वाढली. मग झटके कशाला हवेत, कारण स्नायू झटक्याने ताणला की तो उलट आखडून प्रतिकार करतो, सावकाश ताणला की तेवढा करत नाही. निष्कर्ष बरोबरच होता, पण तो लवचिकता वाढवण्यापुरता. सत्तरच्या दशकात अमेरिकेत पळायचं वेड पसरलं, सोबत स्ट्रेचिंगची पुस्तकं आणि चित्रांचे तक्ते आले, आणि ‘लवचिकता वाढते’चं आपोआप ‘दुखापत टळते’ झालं आणि त्याचं ‘खेळायच्या आधी हे करायलाच पाहिजे’ झालं. मधल्या पायऱ्या तपासायचं बराच काळ कुणाला सुचलं नाही, आपल्या पीटीच्या सरांना तर नाहीच.

फुगा फुटला तो १९९८ नंतर. कोकोनेन नावाचा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की भरपूर ताणून लगेच जोर लावायला सांगितलं तर जोर कमी पडतो. मग २००० मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १५३८ रंगरुटांवरचा प्रयोग छापून आला. दोन्ही गटांना सारखाच वॉर्म-अप, एका गटाला त्यात पायाच्या सहा स्नायूंना प्रत्येकी २० सेकंद स्ट्रेच जादा, १२ आठवडे. पायाच्या दुखापती ताणणाऱ्या गटात १५८, दुसऱ्यात १७५, गटांच्या आकाराने बघितलं तर नाव घेण्यासारखा फरक नाही.

यावर लोक एकदम दुसऱ्या टोकाला गेले, स्ट्रेचिंग म्हणजे विषच. तेही खरं नाही. २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की एका स्नायूला ६० सेकंद किंवा जास्त धरलं तर ताकद घटते, थोडा वेळ धरलं तर फरक नगण्य. जिम्नॅस्टला, हर्डल्सवाल्याला लवचिकता लागतेच, तो ती वेगळ्या वेळी कमावतो.

दुखापत खरंच कशाने कमी होते याचं बरं उत्तर फुटबॉलमधून आलं. फिफाच्या वैद्यकीय केंद्राने ‘इलेव्हन प्लस’ नावाचा २० मिनिटांचा कार्यक्रम बांधला, ८ मिनिटं हळू पळणं, १० मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, २ मिनिटं जोरात पळणं. २००८ मध्ये नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या १८९२ मुलींवरचा निकाल आला, गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर. धरून ठेवायचं स्ट्रेचिंग त्यात औषधालाही नाही.

त्या कार्यक्रमात नॉर्डिक हॅमस्ट्रिंग नावाचा एक प्रकार आहे, हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, गुडघ्यांवर बसायचं, मागून जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि पाठ सरळ ठेवून स्वतःला रोखत रोखत पुढे झुकायचं. परवा पुतण्याच्या कबड्डी शिबिरात पोरं हेच करत होती, तिसऱ्या वेळेला सगळी तोंडावर आपटत होती आणि हसत होती. ते झाल्यावर सरांनी शिट्टी मारली आणि म्हणाले, चला, आता अंगठे धरा, दहा आकडे.