रक्त पातळ करायची गोळी : बंद केल्यावर परिणाम किती दिवस?

‘उद्या दात काढायचाय, म्हणून आज सकाळची गोळी घेतली नाही. एवढं पुरे ना?’ आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न नेहमीचाच. विचारणाऱ्याच्या पिशवीत कधी इकोस्प्रिनची पट्टी असते, कधी अ‍ॅसिट्रॉमची, कधी अपिक्साबॅनची. घरात तिन्हींचं नाव एकच, ‘रक्त पातळ करायची गोळी’. उत्तर मात्र प्रत्येकीचं वेगळं. (आणि रक्त काही ताकासारखं पातळ होत नाही, गुठळी व्हायला वेळ लागतो, इतकंच.)

इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. ते स्वतः रक्तात १५-२० मिनिटांतच निम्मं होतं. पण तेवढ्या वेळात ज्या प्लेटलेटला (गुठळी बांधणारी रक्तातली बारीक पेशी) ते गाठतं, ती मरेपर्यंत निकामी होते, आणि प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं. रोज साधारण दहावा हिस्सा नव्या तयार होतात, तसतसा परिणाम ओसरतो. म्हणजे आजची गोळी चुकवून उद्याच्या दाताला काहीच उपयोग नाही. क्लोपिडोग्रेल या प्लेटलेटवरच्याच दुसऱ्या गोळीचंही तसंच, मोठ्या ऑपरेशनआधी ते थांबवायचं ठरलं तर साधारण ५ दिवस आधी थांबवतात.

अ‍ॅसिट्रॉम आणि वॉरफेरिन बहुतेक करून हृदयाची झडप बदललेल्यांकडे असतात. यकृत व्हिटॅमिन के वापरून गुठळीला लागणारे घटक बनवतं, त्या कामात या गोळ्या खोडा घालतात. वॉरफेरिन निम्मं व्हायलाच सुमारे ४० तास लागतात, म्हणून ऑपरेशनआधी ५ दिवस. अ‍ॅसिट्रॉम लवकर उतरतं, तिथे दोन-तीन दिवस. पण औषध गेलं तरी यकृताला नवे घटक बनवायला वेळ लागतो, त्यामुळे दिवस मोजून भागत नाही, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) तपासावाच लागतो. श्रावण लागला की काही घरांत रोज पालक, माठ, अळू सुरू होतं, त्यातलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं आणि आयएनआर एकदम खाली येतो. पालेभाजी सोडू नका. बारा महिने साधारण सारखी खा.

अपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन, डॅबिगाट्रान या नव्या गोळ्या. मूत्रपिंड धड असेल तर परिणाम एक-दोन दिवसांत बराचसा उतरतो. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड कमी काम करत असेल, तर जास्त दिवस, डॅबिगाट्रानचं विशेष. उतरायला लवकर याचा दुसरा अर्थ असा की दोन वेळा गोळी विसरलात तर संरक्षणही गेलं.

म्हणून मनाने बंद करू नका. स्टेंट किंवा झडप असलेल्याला त्यातून जिवाला धोका होऊ शकतो. एखाद-दुसरा दात काढायला तर बऱ्याचदा गोळी थांबवावीच लागत नाही. दातांचे डॉक्टर टाका घालून, कापूस दाबून रक्त थांबवतात. त्यांना फक्त आधी सांगा.

सांगायला जाताना पट्टी सोबत न्या आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला, किती वाजता घेतली ते तिच्या मागे पेनाने लिहा. आमच्याकडे अंगदुखीला काही मागायला आलात तरी ती पट्टी दाखवा. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन यांच्यासोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डोक्याला मार लागला, शौच डांबरासारखं काळं झालं किंवा रक्त थांबेना, तर गोळी कालच बंद केली होती म्हणून निर्धास्त राहू नका. दुकानात विचारायला येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.